मोटारीचा खांदा

माह्यं नाव उस्मान मिस्तरी. वाशिमच्या अड्ड्यावर कोनालेबी इचारा, इंजिनाच्या आधी तापते तो मिस्तरी कोनता, तं बोट माह्याकडंच यीन. माही बायको सुलतानबी म्हनते, "तुमच्या टकुऱ्यावर चहाचं भगोनं ठेवलं तं सरपन लागनार नाई." खरं हाये तिचं. खोटं बोलनाऱ्याचा मले राग येते, अन् न समजता मशीनले हात लावनाऱ्याचा तं त्याहूनबी जास्त येते. पन मशीनीच्या बाबतीत मीच येकदा खोटं बोललो. तेबी भर सडकेवर, चाळीस मानसांच्या सामोर. ते कसं झालं ते सांगतो.

चोपन-पंचावनचं साल असन. मानोऱ्याच्या रस्त्यानं तवा झुंबरशेटची येकच सर्विस मोटार धावे. लढाईतली जुनी लॉरी, तिच्यावर लाकडी बॉडी ठोकलेली. सकाळी मानोऱ्याहून निघे, मंगरूळ, शेलू करत अकराले वाशिमात. सांजेले परत मानोऱ्याले मुक्कामाले. त्या मोटारीचा जुना डायवर नोकरी सोडून गेला, तं म्या शेटले हेमसिंगचं नाव सांगतलं.

हेमसिंग मानोऱ्याजवळच्या बंजारा तांड्यातला. तीन वर्सं माह्या हाताखाली नटबोल्ट फिरवले, मंग स्टेरिंग शिकला, लायसनबी काढलं. पोरगं असं, का इंजिन चालू असलं का मान तिरपी करून आयकत बसे. मी म्हनो, "अबे, आयकून काय करतो, गानं म्हनते का ते?" तं म्हने, "चाचा, थे बोलते ना."

शेटनं नाव आयकलं अन् नाक मुरडलं. "तांड्यातला मानूस? अरे उस्मान, बैल हाकलनारे लोकं हे. मोटार काय बैल हाये?"

झालं! चढला माहा पारा. म्या म्हटलं, "शेटजी, माह्या दाढीची आन. हा पोरगा तुमच्या मोटारीले फुलासारखी ठेवन."

शेट मानूस वाईट नव्हता, पन पक्का. म्हने, "आठ दिवस चालवू दे. आठ दिवसांत येकदाबी मोटार सडकेवर बंद पडून आडवी झाली, तं चाबी माह्या हाती. मंग तुही दाढी अन् तू."

आता या स्टेरिंगमंधी हेमसिंगचं काय गुतलं व्हतं ते आयका. मानोऱ्याच्या त्या सडकेची खडी त्याच्या मायबापानं फोडली व्हती. बाप त्या खडीच्या ढिगापाशीच तापानं गेला. माय, धुरपतामाय, जिले तो तांड्याच्या बोलीत याडी म्हने, लेकाले पाठीले बांधून टोपलं वाहात राह्यली. घरची बैलजोडी म्हातारी होऊन मेली, दुसरी आलीच नाई. दिवाळी झाली का घराले कुलूप लावाचं अन् दूर कुठीबी खडी फोडाले जाचं, मिरगाच्या तोंडावर परत याचं, हेच माय-लेकाचं दरसालचं चाललं व्हतं. स्टेरिंग हाती राह्यलं तं ते कुलूप कायमचं निघनार व्हतं. नाई राह्यलं, तं दिवाळीनंतर म्हातारीच्या डोक्यावर पुन्हा टोपलं.

सात दिवस मोटार सुतासारखी चालली. आठवा दिवस नेमका पोळ्याचा आला. मले चैन पडे ना. आदल्या दिसी सांजच्या खेपेनं मीच मानोऱ्याले जाऊन बसलो. म्हटलं शेवटच्या दिसी सोबत राहाव. मोटार अड्ड्यावर उभी करून हेमसिंग तिले पुसून राह्यला व्हता, तेवढ्यात धुरपतामाय आली. आरश्याचा घागरा, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, अन् हातात पानानं झाकलेली वाटी. मी समजलो लेकाले जेवन आनलं असन. मायलेकाच्या मंधात आपन काहून उभं राहाव, म्हून मी हॉटेलात चहा प्याले गेलो. त्या येका कप चहाचा पस्तावा मले अजून होते.

सकाळी पाहातो तं मोटार नवरीसारखी सजवलेली! तांड्यातले लोकं पहाटेच येऊन गेले व्हते. तोंडावर पळसाची पानं, झेंडूच्या माळा, बेगड, मधात नारळ. आपल्या तांड्याचा डायवर म्हून त्याईची छाती फुगली व्हती. अन् धुरपतामाय डायवरच्या मांगच्याच बाकड्यावर मांडी घालून बसलेली. म्हातारी जल्मात पहिल्यांदा मोटारीत बसली, तेबी लेकाच्या.

मोटार निघाली. पाऊस चार दिवस उघडलेला, दोन्ही अंगानं पऱ्हाटी हिरवीगार, मानसं सनाच्या खुशीत. कोनाच्या मांडीवर पुरनाच्या पोळ्याईचं फडकं, कोनाजवळ तुपाचं गडवं. सारी मोटार तुपानं घमघमून राह्यली व्हती. मी हेमसिंगच्या बाजूले बसून बोटावर मैल मोजत व्हतो.

सातवा मैल गेला, चढ लागला, अन् हेमसिंग हळूच म्हने, "चाचा, पान्याचा काटा चढून राह्यला."

म्या पाह्यलं. काटा लालाकडं चाललेला. अजून फर्लांगभर गेलो नाई तं बोनटातून शिट्टीच सुरू झाली. हेमसिंगनं मोटार बाजूले घेतली. मी उडी मारली, बोनट उघडलं, तं रेडेटर खदखद उकळून राह्यलं व्हतं.

माही नजर त्या पानाफुलावर गेली. बस! रेडेटरले हवा सामोरून लागते, अन् यायनं तं त्याचं तोंडच बांधून टाकलं! म्या दोन्ही हातानं माळा ओरबाडल्या, पळस फेकला, बेगड फाडलं. "अबे, याले श्वास घेऊ द्या का नाई? तुमच्या तोंडाले कोनी असा पाला बांधला तं चढ चढसान का?"

मानसं नाराज झाले. धुरपतामाय खिडकीतून वरडली, "मिस्तरी! सनाच्या दिसी बैलाची झूल ओरबाडते का कोनी?"

"माय, हा बैल नाई, मोटार हाये!" म्या म्हटलं. माह्याच तोंडात शेटचे शब्द आले, मलेच कसंतरी वाटलं. पन दुखनं सापडल्याचा आनंद मोठा व्हता. इंजिन थोडं निवू देलं, चालू ठेवूनच नाल्याचं पानी हळूहळू सोडलं. काटा खाली बसला. नारळ तेवढा म्हातारीच्या ओटीत टाकला अन् निघालो. बैलबी रस्त्यात पानी पितेच, म्हून हे थांबनं काही थांबनं धराचं नाई, असं म्या आपल्या मनाशीच ठरवून टाकलं.

मंगरूळपर्यंत रस्ता सोपा, उताराचा. काटा अर्ध्यावर. मी मिशीले ताव देऊन बसलो. अन् मंगरूळच्या अड्ड्यावर पाहातो तं कोन? खुद्द झुंबरशेट! काळी टोपी, हातात घड्याळ. कामानं आदल्या दिसी आले व्हते, आता वाशिमले घरी पोळ्याले निघाले. सामोरच्या शिटावर, माह्या बाजूलेच येऊन बसले.

"आठवा दिवस ना रे आज?" शेटनं इचारलं.

"जी शेटजी," हेमसिंग म्हने. स्टेरिंगवरचा त्याचा हात घट्ट झालेला मले दिसला.

मोटार खच्चून भरली व्हती. टपावर ज्वारीचे पोते चढले. मंगरूळ सोडलं, तीन-चार मैल बरे गेले, अन् शेलूच्या अलीकडचा लांब चढ लागला. माहा येक डोळा काट्यावर. काटा हलला. पाला तं म्या काढला व्हता! मंग हे काय? काटा वर, अजून वर. शेट खिडकीबाहेर पाहात व्हते, त्याईले पत्ता नाई.

मी हेमसिंगच्या कानाशी लागलो. "थांबू नको. शेलू दोन मैल राह्यलं. तसाच दाबत चाल. तठी मानसं उतरता-चढता पानी टाकू, शेटले समजनारबी नाई."

"चाचा, काटा लालात गेला."

"जाऊ दे! इथं थांबला तं गेलं तुह्यं स्टेरिंग!"

हेमसिंगनं येक डाव काट्याकडं पाह्यलं. येक डाव मांगं मान वळवून मायकडं पाह्यलं. ती खिडकीले नाक लावून लेकराच्या कौतुकानं बाहेरची सडक पाहून राह्यली व्हती, तीच सडक. मंग त्यानं मोटार बाजूले घेतली अन् चाबी फिरवून इंजिन बंद केलं. भर चढावर. शेटच्या डोळ्यासमोर.

"मशीन मरन चाचा," तो म्हने.

मले असा राग आला, असा राग आला, का येक ठेवून द्यावी! तिकडं बोनटातून वाफेचा लोट निघाला. बायामानसं भराभर उड्या मारून उतरले. शेट सावकास उतरले, घड्याळ काढलं.

"उस्मान," शेट म्हने, "अर्धा तास देतो. दुखनं सापडलं अन् मोटार निघाली तं पुढचं पुढं पाहू. नाई सापडलं तं चाबी मी घेतो. वाशिमात दुसरा डायवर तयार बसला हाये."

अर्धा तास! अन् आधी इंजिन निवाले पायजे. म्या अंगातला कुडता काढला, बाह्या नाईतच तं वर काय करू, अन् भिडलो.

आता चाळीस मानसं म्हंजे चाळीस मिस्तरी. येक म्हने, इथल्या चढावर नजर लागते, लिंबू उतरवा. दुसरा म्हने, नाल्याचं पानी जड हाये, विहिरीचं टाका. तिसरा म्हने, मिस्तरीनं सनाच्या दिसी झूल फाडली, देव कोपला. म्या म्हटलं, "देव कोपन तवा कोपन, आधी मी कोपतो! दहा पावलं मांगं व्हा सारे!"

पोतं टाकून रेडेटरचं झाकन हळूच ढिल्लं केलं. वाफ गेली. पानी कमी झालेलं, पन गळती कुठीच नाई. खालचा पाईप दाबला, वरचा दाबला, दोन्ही ठीक. हेमसिंगनं पानी आनून हळूहळू टाकलं. इंजिन चालू करून झाकनातून पाह्यलं, बुडबुडे नाई. म्हंजे ग्यासकेट शाबूत. आइलची काडी काढली, आइल काळंभोर सोच्छ, पानी मिसळलं नाई. म्हंजे इंजिन आतून फुटलं नाई. येक डोंगर छातीवरून उतरला.

पन दुखनं कुठी हाये मंग? ब्रेक धरून राहाते का? चारी चाकांच्या हब्याले हात लावून आलो, थंडगार. पंख्याचा पट्टा ढिल्ला पडला का? हातात चिंधी व्हती, तिनंच अंगठ्यानं पट्टा दाबून पाह्यला. पट्टा कसा, जसा पायजे तसा ताठ. अन् ढिल्ला पट्टा घसरला तं कुत्र्यासारखा केकाटते, हा तं मुका व्हता. सोडला.

"पंधरा मिनिटं," शेट म्हने.

माह्या कपाळावरून घाम डोळ्यात उतरून राह्यला व्हता. वीस वर्सं झाले मिस्तरीगिरी करून, अन् आज इंजिन मले वाकुल्या दाखवून राह्यलं! हेमसिंग शांत उभा, मान तिरपी करून. मले अजूनच राग आला.

"काय आयकून राह्यला बे? सांग ना, काय बोलते ते!"

"चाचा," तो म्हने, "येक गोष्ट. मंगरूळ सोडल्यापासून डायनुम्याचा काटाबी निजून हाये. चढावर एक्सलेटर दाबलं तरी उठे ना."

डायनुमा! अरे, डायनुम्याले कोन फिरवते? पट्टा. पंख्याले कोन फिरवते? तोच पट्टा. पान्याचा पंपबी त्याच पट्ट्यावर! तिन्ही येकाच दोरीत बांधलेले. दोघं सोबत आजारी पडले तं दुखनं त्या दोरीत हाये!

"बस स्टेरिंगवर! चालू कर! आता दे एक्सलेटर... अजून दे!"

इंजिन गरजलं. अन् पंखा? पंखा आपला सावकास, जसा जेवनानंतर फिराले निघालेला शेट. इंजिन पळून राह्यलं अन् पंखा टहलून राह्यला! "बंद कर! बंद कर! सापडला चोर!" मी इतक्या जोरानं वरडलो का बाया दचकल्या.

पट्टा ताठ हाये अन् तरी घसरते. कायले? चिंधी फेकली अन् उघड्या बोटानं पट्ट्याले हात लावला. बोट सर्रकन घसरलं. बोट पाह्यलं तं पिवळं. नाकाशी नेलं.

तूप! गाईचं कढवलेलं तूप, अन् त्याच्यात हळद!

सकाळपासून वास येऊन राह्यला व्हता, पन पोळ्याच्या दिसी तुपाच्या वासाची शंका कोन घेईन? रातच्या थंडाव्यानं तूप थिजून बसलं व्हतं, इंजिन गरम झालं तसं वितळून पुलीत उतरलं, अन् पट्टा मुकाट्यानं घसरत गेला. सारं समजलं. पन कोनं? अशी हराम... माह्या तोंडात शिवी आली व्हती.

ते तसंच गिळून आधी कामाले लागलो. डायनुम्याचा बोल्ट ढिल्ला केला, पट्टा काढला, पेट्रोलच्या चिंधीनं पट्टा अन् पुल्या पुसल्या. तरीबी बुळबुळ जाये ना. "राख! कोनाजवळ राख हाये का राख?"

"हाये ना!" धुरपतामाय पुढं आली. कमरेची थैली सोडून दात घासाची राखुंडी काढली. "तुपाचं भांडं राखेनंच निंगते. पन कायचं तूप काढून राह्यले मिस्तरी?"

तिनं राखुंडी माह्या हातावर ओतली. अन् मले तिचा तळवा दिसला. पिवळाधम्मक. बोटांच्या पेरापेरात हळद.

काल सांजची वाटी मले आठोली. पानानं झाकलेली. अन् काल कोनता दिवस व्हता तेबी आठोलं. पोळ्याच्या आदल्या दिसी आपल्याकडं बैलाचे खांदे शेकतात. जू वाहून वाहून जो खांदा घासते, त्याले तूप-हळद चोळतात, पळसाच्या पानानं शेकतात, अन् बैलाच्या कानात म्हनतात, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." माह्या हातातली राख अर्धी खाली सांडली.

आपलेच दात अन् आपलेच ओठ! वरडू कोनावर? शेटले हे समजलं तं तो काय म्हनन ते मले तोंडपाठ व्हतं. बैल हाकलनारे लोकं. म्या खाली मान घालून पट्टा राखेनं असा घासला का हाताची साल निघाली. पुल्या घासल्या. पट्टा चढवला, बोल्ट कसला.

"चालू कर हेमसिंग! दे एक्सलेटर!"

पंख्यानं अशी हवा मारली का सामोरची राख उडून माह्या दाढीत गेली. घर्रर्र! डायनुम्याचा काटा ताडकन उठून बसला. पान्याचा काटा येक घर उतरला, दुसरं उतरला. मानसं टाळ्या पिटाले लागले. ज्यानं लिंबू सांगतलं व्हतं तोबी नाचून राह्यला. मी तं रडाचाच बाकी व्हतो.

"अठ्ठावीस मिनिटं," शेटनं घड्याळ खिशात टाकलं. "शाबास. झालं काय व्हतं पन?"

"पट्ट्याले तूप लागलं व्हतं शेटजी."

"तूप? पट्ट्याले? कोनं लावलं?"

हेमसिंगचं तोंड येकदम उतरलं. त्याले तवाच समजलं. म्या छाती भरून श्वास घेतला.

"मीच लावलं," म्या म्हटलं. "काल पट्टा वाजत व्हता. वंगन संपलं व्हतं, म्हटलं तूप लावून पाहू."

मंग चाळीस मानसं असे हासले, असे हासले! "वाहवा मिस्तरी! पट्ट्याले तूप! उद्या चाकाले लोनी लावजा!" शेट डोळे बारीक करून पाहात राह्यले. "उस्मान, तू? वीस वर्साचा मिस्तरी?" माह्ये कान गरम झाले, पन तोंड दाबून उभा राह्यलो. जिंदगीत येवढा मार म्या कधी खाल्ला नाई.

अन् तेवढ्यात बांगड्या खळखळल्या.

"लबाड बोलते हा मिस्तरी!" धुरपतामाय घागरा सावरत मधात घुसली. "यानं कवा लावलं? म्या लावलं! चार घरचं लोनी मांगून आनलं, माह्या हातानं कढवलं, अन् हा म्हनते मी लावलं! लाज नाई वाटत दुसऱ्याचं पुन्य आपल्या नावावर घ्याले?"

"माय, चूप बस ना..." म्या म्हटलं.

"काहून चूप बसू?" ती शेटकडं वळली. "शेटजी, आमच्या घरी सात सालापासून बैल नाई. पोळ्याच्या दिसी साऱ्या तांड्याचे बैल मिरवतात, अन् आमी दार लावून बसतो. औंदा माह्या लेकाजवळ हे आलं. म्या त्याले इचारलं, याचा खांदा कोनता रे, वझं कोन वढते? त्यानं बोट दाखवलं, म्हने, याडी, पंखा, पंप, सारं या पट्ट्यावर चालते. म्हून म्या तो शेकला. काय चुकलं माह्यं?"

शेट हळूच म्हने, "बाई, पन मोटार काय बैल हाये?"

"ज्याच्या जिवावर घर चालते," धुरपतामाय म्हने, "त्याले आमी बैलच म्हनतो."

कोनी हासलं नाई. हेमसिंगनं इंजिन बंद केलं, चाबी घेऊन खाली उतरला. चाबी शेटच्या सामोर धरली. "शेटजी, म्याच दाखवलं तिले. मले वाटलं सहज इचारून राह्यली. चूक माही हाये. याडीले काही म्हनू नका."

शेटनं चाबी घेतली. खरंच घेतली. माह्या टकुऱ्यातली शेवटची शिट्टी तवा वाजली.

"थांबा शेटजी!" मी म्हटलं. "चाबी घ्या, पन पुरी गोष्ट आयकून घ्या. मी लबाड बोललो, आता खरं बोलतो. काटा लालात गेला तवा म्या याले म्हटलं, थांबू नको, शेटले समजनार नाई, दाबत चाल. म्या! यानं माह्यं आयकलं असतं तं आज हेड फाटलं असतं, पिष्टन जाम झाले असते, अन् तुमची मोटार भंगारात गेली असती. याले मालूम व्हतं, थांबलं का स्टेरिंग जाते. मायकडं पाह्यलं अन् तरी थांबला. आता तो वाशिमचा डायवर आना तुमी. तो थांबन का, ते मले सांगा."

शेटनं हातातली चाबी पाह्यली. मंग उघड्या बोनटापाशी गेले, वाकले, पट्ट्याचा वास घेतला. बराच येळ वाकूनच व्हते. उठले तवा डोळे पुसत व्हते का धूर गेला व्हता, अल्ला जाने.

"बाई," शेट म्हने, "आवतन देलं व्हतं का याले काल?"

"देलं ना! कानात देते तसं, बोनटात तोंड घालून देलं. आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

"मंग आवतन देलेल्याले उपाशी ठेवता का? जेवनाची येळ होऊन राह्यली." शेटनं चाबी हेमसिंगच्या हातावर ठेवली, अन् त्याची मूठ आपल्या हातानं मिटवली. "चाल बाप्पा. आज आठवा दिवस, उद्या नववा."

वाशिम येईपर्यंत काटा जागचा हालला नाई. हेमसिंगचे डोळे झरत व्हते, पन सडकेवरून हटले नाई. वाशिमच्या अड्ड्यावर धुरपतामायनं फडकं सोडलं, पुरनाची पोळी काढली, मोटारीच्या तोंडाले टेकवली. मंग तिचे दोन तुकडे केले, येक शेटच्या हाती देला, अन् दुसरा माह्या तोंडात कोंबला. "खाय! लबाड कुठला. तोंड पोळलं का?"

खाऊन झाल्यावर ती मले बाजूले घेऊन गेली अन् हळूच इचारलं, "मिस्तरी, खरं सांग. याचा खरा खांदा कोनता?"

मी तिले मोटारीखाली घेऊन गेलो, अन् चाकावरच्या कमानीचे पाटे दाखवले. सारं वझं यायच्यावर असते माय, म्हटलं, अन् यायले वंगन लागतेच. तिनं येक येक पाटा हात फिरवून पाह्यला.

त्या दिवाळीले त्याईच्या घराले कुलूप लागलं नाई, अन् मंग कधीच नाई. दरसाली पोळ्याच्या आदल्या दिसी मी मानोऱ्याले जातो. वंगनाचा डबा धुरपतामायच्या हाती देतो, ती कमानीले चोळते, अन् तिचं होईपर्यंत मी बोनटावर बसून राहातो. चहाले उठत नाई.